उभ्या गाडीचं ऑइल: किलोमीटर सोडा, तारीख बघा

गाडी वर्षात हजारभर किलोमीटरच फिरली असेल तर ऑइल बदलायचं का? हा प्रश्न माझ्याकडं सतत कुणी ना कुणी घेऊन येतंच. उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना खाली वाचत बसायला नको. हो, बदलायचं. वर्षातून एकदा. रोजची फिरती दोन-तीन किलोमीटरचीच असेल तर सहा महिन्यांनी. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी करून जाणार असाल तर ऑइल परत आल्यावर नाही, गाडी उभी करायच्या आधी बदलायचं. ही शेवटची गोष्ट बहुतेक लोक उलटी करतात, म्हणून एवढं लिहायला बसलो.

माझं गॅरेज साताऱ्यात, जुन्या एमआयडीसीच्या बाजूला. कमी चालणाऱ्या गाड्यांना या भागात तोटा नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत घरटी माणूस फौजेत. जवान लेहला नाहीतर आसामला, आणि गाडी घरापुढच्या पत्र्याखाली. जावळी-पाटणकडची कितीतरी घरं मुंबईत. तिकडं लावायला जागा नाही म्हणून गाडी गावाकडंच ठेवलेली, गणपतीला आणि यात्रेला बाहेर निघते. तिसरे आपले पेन्शनर. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात, त्यांनी हौसेनं घेऊन दिलेली गाडी दारात, आणि ती जाते कुठं, तर सदर बझारातून राजवाड्यापर्यंत भाजी आणायला. या तिघांचं ऑइल तीन वेगळ्या तऱ्हांनी खराब होतं.

गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढून बघा. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यातलं जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. काही गाड्यांना १५,००० असेल. लोक पहिला आकडा वाचतात आणि पान मिटतात. पुढं बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते: धूळ, सततचा छोटा प्रवास, ओझं ओढणं असा वापर असेल तर मुदत याहून कमी धरा. पेन्शनरांना वाटतं, आपण गाडी जपून वापरतो. पुस्तकाच्या हिशेबानं त्यांचाच वापर कडक वापरात मोडतो.

आता असं का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे कळलं की बाकीचं तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. खोटं वाटतं, पण तसंच आहे. ते वाफेच्या रूपात असतं आणि त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर जातं. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या तोंडाला थेंब दिसतात ते हेच. पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथं, उतरते. तिच्याबरोबर न जळलेलं पेट्रोल उतरतं, काजळी उतरते, जळल्यावर तयार झालेले आम्लाचे अंश उतरतात. गाडी चांगली तापली की पाणी आणि पेट्रोल ऑइलमधून उडतात, आणि व्हॉल्व्हची एक नळी ती वाफ ओढून परत इंजिनात जाळायला पाठवते. म्हणजे रोग आणि औषध दोन्ही इंजिनातच आहे. फक्त औषध लागू पडायला ऑइल तापावं लागतं, आणि इथंच गोची होते. डॅशबोर्डावरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. काटा पाच-सात मिनिटांत मधोमध येतो. ऑइल पुरतं तापायला वीस मिनिटं तरी चालवावं लागतं. राजवाडा तेवढा लांब नाही.

मग पाणी आणि आम्ल आतच राहतं. ऑइलमध्ये आम्ल मारण्यासाठी क्षारयुक्त रसायनं मिसळलेली असतात, गंज धरू नये म्हणून वेगळी, काजळी तरंगत राहावी म्हणून आणखी वेगळी. ही रसायनं खर्च होतात. ती संपली की आम्ल बेअरिंगच्या मऊ धातूवर बसतं. यात किलोमीटरचा संबंध कुठं आला? सीलबंद डब्यातलं ऑइल सावलीत चार-पाच वर्षं टिकतं. इंजिनातलं टिकत नाही, कारण त्यात हे सगळं आधीच मिसळलेलं असतं.

त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच कारखान्यांच्या उसाच्या मळीचं आणि रसाचं इथेनॉल त्यात असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉल ओलावा ओढून घेतं. टाकीत महिनोन्‌महिने पडलेलं पेट्रोल आणि कधीच न तापणारं ऑइल, ही जोडी काही चांगली नाही.

"मेस्त्री, ऑइल अजून पिवळं धमक आहे की, कशाला बदलता?" हे तर रोजचं. रंगावर जाऊ नका. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर काही दिवसांतच काळं होतं आणि तरी ते चांगलं असतं. उलट कमी फिरलेल्या पेट्रोल गाडीचं ऑइल वर्षानंतरही स्वच्छ दिसतं, आणि आत पाणी-पेट्रोल मुरलेलं असतं. रंगापेक्षा वास घ्या. गेजची काडी, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून नाकाजवळ धरा. पेट्रोलचा वास भपकन आला तर तारखेची वाट बघू नका. दोन बोटांत ऑइल चोळा. अगदी पातळ, पाण्यागत लागलं तरी तेच.

महाबळेश्वर-पाचगणीच्या गाड्यांची एक खास तक्रार असते. तिथल्या पावसाळ्यात चार महिने भिंतीसुद्धा वाळत नाहीत. बंगल्यावरची गाडी, बाजारापर्यंत जाऊन परत. ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला ताकावर आलेल्या लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर. मालक घाबरतो, आणि कुणीतरी त्याला हेड गॅसकिट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधली सीलची पट्टी) गेली म्हणून सांगून टाकतं. हेड उतरवायच्या आधी तीन गोष्टी बघा. गेजच्या काडीवरचं ऑइल साफ आहे का? कूलंटच्या बाटलीतली पातळी महिनाभर तेवढीच आहे का? बाटलीत तेलाचा तवंग नाही ना? तिन्ही ठीक असतील तर तो थर म्हणजे निव्वळ साठलेली वाफ. झाकण पुसा, गाडी पसरणीचा घाट उतरून वाईला नेऊन आणा, आठवड्यानं परत बघा. काडीवरचंच ऑइल चहाच्या रंगाचं, गढूळ झालेलं असेल किंवा कूलंट घटत असेल, तर मात्र गाडी चालू न करता मेस्त्रीला दाखवा.

एवढ्यावरून कळेल की नुसत्या उभ्या गाडीपेक्षा रोज थोडीथोडी फिरणारी गाडी जास्त हाल सोसते. पेन्शनर मंडळींना माझं सांगणं असतं, पंधरा दिवसांतून एकदा यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन या. जायला पंचवीसेक किलोमीटर, घाटात इंजिनावर जोर येतो, ऑइल व्यवस्थित तापतं, बॅटरीही भरते. फक्त फुलांच्या हंगामात रविवारी जाऊ नका. त्या गर्दीत गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत बसते आणि माणूस तापतो. ठोसेघरचा रस्ताही चालेल. हे पथ्य पाळणाऱ्यांना मी वर्षाची मुदत बिनधास्त देतो. न पाळणाऱ्यांना सहा महिने.

गावाकडच्या गाड्यांचं दुसरं दुखणं म्हणजे दर रविवारी 'स्टार्टर मारून ठेवणं'. मालक मुंबईला, चावी चुलतभावाकडं. तो इमानेइतबारे दर रविवारी गाडी जागेवर पाच मिनिटं चालू ठेवतो आणि बंद करतो. वाईट वाटतं सांगायला, पण हे प्रेम गाडीला मानवत नाही. थंड इंजिन चालू करताना पेट्रोल जास्त पडतं, पाणी जास्त तयार होतं, आणि तापायच्या आतच गाडी बंद. स्टार्टरनं खाल्लेला करंटसुद्धा पाच मिनिटांत भरून येत नाही. भावाला दोनपैकी एक सांगा: महिन्यातून एकदा-दोनदा हायवेला नेऊन पंधरा-वीस किलोमीटर चालवून आण, नाहीतर हातच लावू नकोस. तीन-चार महिन्यांसाठी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून गाडी शांत उभी ठेवली तर इंजिनाचं काही बिघडत नाही.

आता फौजी मंडळींसाठी, आणि हीच माझी मुख्य गोष्ट. जवान सुट्टीवर येतो, पहिल्या दिवशी गाडी माझ्याकडं आणतो, ऑइल-फिल्टर बदलतो. मग महिनाभर लग्नं, जेजुरी, पाहुणे, शेतातली कामं, असं हजार-दीड हजार किलोमीटर फिरून घेतो आणि गाडी पत्र्याखाली लावून ड्युटीवर जातो. म्हणजे नवं ऑइल महिनाभर वापरून काळं केलं, आणि तेच काजळी-आम्लाचं ऑइल पुढचे आठ-नऊ महिने बेअरिंगवर बसून राहिलं. क्रम फक्त उलटा करायचा. सुट्टी संपायच्या शेवटच्या दोन दिवसांत ऑइल-फिल्टर बदला, दहा-पंधरा किलोमीटर चालवा म्हणजे नवं ऑइल सगळीकडं फिरेल, आणि मग उभी करा. पुढच्या सुट्टीला आल्यावर पातळी बघा आणि खुशाल चालवा. परत जाताना पुन्हा बदला. खर्च तोच, वर्षातून एकदाचाच.

सुट्टी लांबली, दीड वर्षानं आलात, तर? गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची तारीख चुकवू नका. पुढं काही झालं तर कागद बोलतात, मेस्त्री नाही. वॉरंटी संपलेली गाडी, उभी करताना फुल सिंथेटिक घातलेलं, मधल्या काळात कुणी चालू केलेली नाही, अशा गाडीला दीड वर्षानं काही होत नाही, असं माझं मत. तिथं मी ऑइल विकायची घाई करत नाही. तसंच सगळ्यांच्या काचेवर 'पुढील ऑइल तीन महिन्यांनी' असं चिकटवणाऱ्यांचंही मला पटत नाही. साध्या मिनरल ऑइलच्या जमान्यातली ती सवय आहे.

गाडी जुन्या ऑइलवरच दोन-तीन वर्षं उभी राहिली असेल तर आधी काडी बघा. ऑइल साफ असेल तर गाडी चालू करा, रेस न करता दहा मिनिटं तापू द्या आणि लगेच काढून टाका. गरम ऑइलबरोबर तळातला गाळही निघतो. ऑइल गढूळ असेल किंवा पातळी वाढलेली दिसली तर चालू न करताच काढा. बॉनेट उघडलंच आहे तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं घर केलंय का तेही बघा. आमच्याकडं भुईमुगाच्या टरफलांसकट निघालेत. आणि पुरात बुडालेली गाडी हा वेगळाच विषय. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेच्या पुरानंतर सांगलीकडं कितीतरी इंजिनं पाण्यानं गेली नाहीत, पाणी उतरल्यावर 'बघू तरी लागते का' म्हणून मारलेल्या सेल्फनं गेली. टोचन लावून आणा, बाकी नंतर बघू.

पातळी वाढण्यावरून आठवलं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरला काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल सोडून आतली काजळी जाळते. त्यासाठी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगानं चालावं लागतं. गावातल्या गावात फिरणाऱ्याची ही जाळणी अर्ध्यावर तुटते आणि जास्तीचं डिझेल चेंबरात उतरतं. काडीवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललंय, म्हणून खूष होऊ नका. वरच्या खुणेच्या पुढं गेलं की किलोमीटर कितीही असोत, बदला. रोज पाच किलोमीटरच जायचं असेल तर डिझेल गाडी घेऊच नये, पण हे सांगेपर्यंत पेढे वाटून झालेले असतात.

कुठलं ऑइल? पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तोच. नव्या छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशी पातळ ऑइलं असतात; 'आपल्याकडं ऊन फार, जाड घाला' या सल्ल्यावरून त्यांच्यात २०डब्ल्यू-४० ओतू नका. उभ्या गाडीला तर पातळ ऑइलच बरं, कारण बऱ्याच दिवसांनी चालू करताना ते वरपर्यंत लवकर पोचतं. डीपीएफवाल्या डिझेलला कमी राखेचंच ऑइल लागतं, ते डब्यावर तपासून घ्या. मोटारसायकलला कारचं उरलेलं ऑइल घालू नका. बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या निसरड्या रसायनांनी तो घसरतो. बाईकच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' बघा, गिअर नसलेल्या स्कूटरला 'एमबी'.

स्वतः बदलायचं असेल तर काम अवघड नाही. गाडी सपाट जागी लावा, दहा मिनिटं तापवा, बंद करून पाच मिनिटं थांबा. खाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. घोडी (गाडीचं वजन पेलणारा लोखंडी स्टँड) लावा, मागच्या चाकांना दगड लावा. घोडी नसेल तर हे काम गॅरेजलाच द्या, हे मी धंद्यासाठी सांगत नाही. वरचं झाकण उघडा, चेंबरचा नट रिंग पान्यानं सैल करा, शेवटचे आटे हातानं, हात बाजूला धरून. गरम ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येतं. थेंब थांबेपर्यंत गळू द्या. नटाचा वायसर नवा टाका, दहा-वीस रुपयांची वस्तू. नट आवळताना ताकद दाखवू नका. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर आटे जातात आणि मग सगळा चेंबर उतरवावा लागतो.

फिल्टर दर वेळी बदला, गाडी कितीही कमी फिरलेली असो. गाडी बंद झाल्यावर ऑइल फिल्टरमधून खाली उतरू नये म्हणून बऱ्याच फिल्टरमध्ये रबराचा पडदा असतो. तो कडक झाला की बऱ्याच दिवसांनी गाडी चालू करताना इंजिन क्षणभर कोरडं खडखडतं. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटानं ऑइल लावा, जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना ते बघा, टेकेपर्यंत फिरवा आणि हातानंच आणखी पाऊण फेरा द्या. पाना नको. पुस्तकात दिलेल्या मापापेक्षा थोडं कमीच ओता, मिनिटभर चालू करून बंद करा, पाच मिनिटांनी काडी बघून उरलेलं घाला. वरच्या खुणेच्या पुढं भरणं हे कमी भरण्याइतकंच वाईट. खाली फिरणारा क्रँकचा दांडा ऑइल घुसळतो आणि फेस होतो. शेवटी तारीख आणि किलोमीटर कागदी चिकटपट्टीवर लिहून बॉनेटच्या आत लावा. तारीख मोठ्या अक्षरात.

दुचाकीचं गणित तेच, फक्त ऑइल कमी असतं, स्कूटरला पाऊण लिटरच्या आसपास, त्यामुळं ते लवकर खराब होतं. घरातली स्कूटर फक्त दळण आणि क्लासपुरती फिरत असेल तर सहा महिन्यांची तारीख धरा. ट्रॅक्टरला किलोमीटर नाही, तास असतात. अनेकांना २५० तास सांगितलेले असतात, पण ऊसतोड संपल्यावर पावसाळाभर उभा राहणार असेल तर तासांकडं न बघता उभा करताना बदला. आणि साताऱ्यात अजून काही घरांत महाराष्ट्र स्कूटर्सची, इथंच बनलेली प्रिया जपून ठेवलेली आहे. तिचे मालक मुद्दाम विचारतात म्हणून सांगतो: टू-स्ट्रोक इंजिनात बदलायचं इंजिन ऑइल नसतंच, ते पेट्रोलमध्ये मिसळून जळून जातं. तिचं गिअर ऑइल तेवढं वर्षा-दोन वर्षांनी बघा, आणि टाकीतलं जुनं मिश्रण काढून टाका.

जळकं ऑइल गटारात, विहिरीकडच्या उतारावर किंवा उकिरड्यावर ओतू नका. दाराच्या चौकटीला, कुंपणाच्या खांबांना लावायला लोक मागायला येतात. मी देत नाही, कारण त्यात धातूचा कीस आणि काजळी असते आणि पहिल्या पावसात ते धुऊन विहिरीकडंच जातं. नवं ऑइल ज्या डब्यातून ओतलंत त्याच डब्यात जुनं भरा, लेबल खरवडून काढा आणि जवळच्या गॅरेजला नेऊन द्या. आमच्याकडं त्याचं बॅरल असतं, नोंदणी असलेला माणूस येऊन घेऊन जातो. लेबल खरवडायला विसरू नका. ब्रँडचे चांगले रिकामे डबे भंगारातून उचलून त्यात डुप्लिकेट ऑइल भरणारे बसलेत, आणि तो डबा फिरून पुढच्या वर्षी तुमच्याच गाडीपर्यंत यायचा.